अमेरिकेचा नंबर गावाकडं आल्यावर: इंटरनेट नंबरवर मेसेज कसे चालू ठेवावेत

गोदाकाठ, नांदेड

अमेरिकेत शिकून, चार-सहा वर्षं नोकरी करून परत येणारे आता नांदेड-लातुरात कमी नाहीत, आणि सगळ्यांची अडचण एकच: तिथल्या मोबाईल नंबरचं काय करायचं? तिथलं बँक खातं, निवृत्तीचे पैसे, कराचा परतावा, घरमालकाकडं अडकलेलं डिपॉझिट, सगळं त्याच नंबरला बांधलेलं असतं. नंबर सोडला की दारं बंद. ठेवला तर इथं बसून महिन्याला डॉलर भरा.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे नंबर सिमवरून काढून इंटरनेटवर ठेवणं. गूगल व्हॉइस ही गूगलची इंटरनेटवर चालणारी फोन नंबरची सेवा. तिच्यात नंबर पोर्ट करायला एकदाच २० डॉलर लागतात, महिन्याचं भाडं नाही, आणि मेसेज घरच्या वायफायवर ॲपमध्ये येतात. पण हे काम तिथं असतानाच, निघायच्या किमान महिनाभर आधी उरकायचं. वैयक्तिक गूगल व्हॉइस फक्त अमेरिकेत मिळतं आणि खातं उघडताना तिथला नंबर लागतो. नांदेडला येऊन उघडू म्हणाल तर होत नाही.

क्रम असा ठेवा. मोबाईल कंपनीच्या ॲपमध्ये 'नंबर लॉक' चालू असेल तर आधी काढा. मग खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्या. हा पिन म्हणजे लॉगिनचा पासवर्ड नव्हे. तो वेगळा काढावा लागतो आणि त्याला मुदत असते. बिलावरचं नाव आणि झिप कोड (पत्त्याचा तिथला पिनकोड) जसाच्या तसा उतरवून घ्या. लाइन चालू असली पाहिजे. आधी बंद करून मग पोर्टला टाकली तर नंबर हातचा गेला. गूगल व्हॉइसची वेबसाइट संगणकावर उघडून सेटिंगमध्ये नंबर बदलण्याच्या पर्यायातून स्वतःचा मोबाईल नंबर टाका. तो पोर्ट होण्याजोगा आहे का ते आधी तपासलं जातं, त्या नंबरवर कोड येतो, मग पैसे भरायचे. कॉल साधारण दिवस-दोन दिवसांत सुरू होतात, मेसेज सुरळीत यायला तीन कामाचे दिवस लागू शकतात. म्हणून शुक्रवारी पोर्टला टाकू नका.

पोर्ट झाला की जुनी लाइन आपोआप बंद पडते. हँडसेट हप्त्यावर असेल तर उरलेली रक्कम एकदम मागतात. फॅमिली प्लॅनचा मुख्य नंबर तुमचा असेल तर तो मान आधी दुसऱ्या नंबरला द्या, नाहीतर घरातल्या बाकीच्यांच्या लाइनींचाही घोळ होतो.

पोर्ट करून आणलेला नंबर गूगल परत घेत नाही. गूगलनं फुकट दिलेला नंबर मात्र तीन महिने त्यावर ना कॉल ना मेसेज असं राहिलं तर काढून घेतला जातो.

सिंदफणा, बीड

सर, माहिती बरोबर आहे, पण मूळ दुखणं कोडचं आहे. पुतण्या परत येतोय. त्याच्यासोबतचे काही म्हणतात बँकेचे कोड येतात, काही म्हणतात येईना गेलेत. खरं काय?

खडकी, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही खरं आहे, कारण ते बँकेवर अवलंबून असतं.

सिमवरचा नंबर पोर्ट होऊन गूगल व्हॉइसला आला की आकडे तेच राहतात, पण नंबरची जात बदलते. मेसेज पाठवणाऱ्या कंपन्या पाठवण्याआधी नंबर तपासतात: मोबाईल, लँडलाइन की इंटरनेट. पोर्टनंतर उत्तर 'इंटरनेट' येतं. काही बँका अशा नंबरला कोड पाठवतच नाहीत, कारण असा नंबर फसवणुकीसाठी सहज काढता येतो. त्यात हे कोड पाच-सहा आकडी छोट्या नंबरवरून निघतात, आणि त्या छोट्या नंबरचा मेसेज इंटरनेट नंबरपर्यंत पोचवण्याची सोय प्रत्येक पाठवणाऱ्यानं केलेली नसते. सगळ्यांत वाईट हे, की 'गेला नाही' असं कुठं दिसत नाही. बँकेच्या पडद्यावर 'कोड पाठवला' येतं आणि इथं काहीच येत नाही. नंबर बदलायला गेलं तर बँक जुन्या नंबरवरच कोड मागते, आणि माणूस तिथंच अडकतो.

म्हणून पोर्टच्या आधी यादी करा. तो नंबर ज्या ज्या खात्याला आहे तिथं जाऊन मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (फोनच्या कुलपानंच लॉगिन करायची सोय) लावा. ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, नेटवर्क लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ 'आपोआप वेळ' वर ठेवा, वेळ पुढं-मागं झाली तर कोड चुकीचा ठरतो. बॅकअप कोड कागदावर छापून घ्या. ज्या खात्यात मेसेजशिवाय दुसरा मार्गच नाही, ती खाती वेगळी काढा. अशी एक-दोन महत्त्वाची खाती निघाली तर नंबर इंटरनेटवर नेऊ नका, खालचा मार्ग धरा.

तिथं महिन्याला ३ ते ५ डॉलरच्या छोट्या योजना असतात. नंबर अशा योजनेत पोर्ट करायचा आणि इथं वायफाय कॉलिंगवर चालवायचा. नंबरची जात मोबाईलच राहते, त्यामुळं कोड येतात. मेसेज वायफायमधून कंपनीच्याच नेटवर्कवर जातो. योजना घेण्याआधी एवढंच विचारा: वायफाय कॉलिंग आहे का, आणि परदेशातून चालतं का. तिथं असतानाच ते चालू करा, कारण त्यासाठी आपत्कालीन सेवेचा तिथला पत्ता भरावा लागतो. मग फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा आणि एखादा मेसेज मागवून बघा. आला तर इथंही बहुधा येईल.

मांजराकाठ, लातूर

खडकी सर, यात हँडसेटचा मुद्दा जोडतो. आयफोन १४ आणि त्यापुढचे अमेरिकेत विकलेले फोन सिमकार्डाच्या जागेविनाचे आहेत, ट्रेच नाही. तिथून फोन घेऊन येणारी मुलं लातूरच्या दुकानात सिम घ्यायला जातात आणि तिथं कळतं. एअरटेल, जिओ, व्ही तिघांकडं ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम) मिळतं, पण मागताना ई-सिमच म्हणून मागा. अमेरिकेची लाइन आणि इथली लाइन दोन्ही ई-सिमवर एकाच वेळी चालतात.

आणि एक कळकळीनं सांगतो: अमेरिकेचं ई-सिम फोनमधून डिलीट करू नका, फोन रीसेट करताना 'ई-सिम ठेवा' हेच निवडा. परत टाकायला कंपनी कोड पाठवते, तो त्याच नंबरवर, आणि ग्राहक सेवेला कॉल लावून पटवायला रात्र जागावी लागते. फोन बदलायचा असेल तर पुढच्या अमेरिका भेटीपर्यंत थांबता आलं तर थांबा.

दोन लाइनी असताना विमान मोड वापरता येत नाही, कारण इथली लाइन पण बंद पडते. त्या वेळी फक्त अमेरिकेच्या लाइनचं डेटा रोमिंग बंद करा आणि वायफाय कॉलिंग चालू ठेवा.

पूर्णाकाठ, परभणी

गूगल व्हॉइसवर आईवडिलांच्या इथल्या मोबाईलला साधा मेसेज जातो का? आत्याच्या मुलीनं तिकडून पाठवले, परभणीत एकही आला नाही.

गोदाकाठ, नांदेड

नाही ताई. गूगल व्हॉइसचे मेसेज अमेरिका आणि कॅनडाच्या नंबरपुरते. ९१ लावून टाकला तरी पोचत नाही. घरच्यांसाठी व्हॉट्सॲपच. गटात पाठवायचं तर एका वेळी सात जणांपर्यंत.

मेसेज आलेला कळत नसेल तर तीन ठिकाणी बघायला सांगा. पहिलं, ॲपमधला स्पॅमचा कप्पा. व्हॉइसचा गाळणा कडक आहे, कधीकधी खरा कोडही तिकडं टाकतो. सेटिंगमधून गाळणा बंद करता येतो. दुसरं, अँड्रॉइडवर बॅटरी. विवो, ओप्पो, शाओमीचे फोन मागं चालणारं ॲप झोपवतात. सेटिंगमध्ये ॲप, त्यात व्हॉइस, त्यात बॅटरी 'अनिर्बंध' करा आणि ऑटोस्टार्टला परवानगी द्या. तिसरं, व्हॉइसच्या सेटिंगमध्ये 'मेसेज ईमेलवर पाठवा' चालू करा. मग मेसेज जीमेलमध्येही येतो आणि तिथूनच उत्तर दिलं तरी मेसेज म्हणून जातं. पूर्वी मेसेज जोडलेल्या दुसऱ्या मोबाईल नंबरवरही पुढं जायचा, ती सोय आता नाही. त्यामुळं ईमेलचा आधार धरून ठेवा.

बालाघाट, अंबाजोगाई

गूगल नको असेल तर स्वतःचा सिप नंबर (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल करायची खुली पद्धत) घेऊन लिनफोन किंवा झोयपरसारख्या ॲपवर मेसेज करता येतात का? कॉल तर छान चालतात.

खडकी, छत्रपती संभाजीनगर

येतात, पण कॉल चालतो म्हणून मेसेज चालेलच असं नाही. सिपमध्ये मेसेजची पद्धत वेगळी आहे, ती २००२ मध्ये आरएफसी ३४२८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहिली गेली. नंबर देणारी कंपनी बाहेरचा एसएमएस त्या पद्धतीत बदलून देत असेल तरच तो ॲपमध्ये दिसतो. बऱ्याच कंपन्या फक्त आवाज देतात. कॅनडातली व्हीओआयपी डॉट एमएस अमेरिका-कॅनडाच्या नंबरवर एसएमएस देते. तो सिपवर, ईमेलवर किंवा स्वतःच्या वेब पत्त्यावर वळवता येतो. मात्र नंबर घेताना 'एसएमएसची सोय आहे' अशी खूण असलेलाच घ्या, आणि नंतर नंबरच्या सेटिंगमध्ये एसएमएस वेगळा चालू करा. तो आपोआप सुरू होत नाही, आणि बहुतेकांचं काम तिथंच अडतं.

दुसरा मार्ग जेएमपी या सेवेचा. त्यात अमेरिका-कॅनडाचा नंबर एक्सएमपीपी (चॅटची खुली पद्धत) खात्याला जोडला जातो आणि चिओग्राम ॲपमध्ये मेसेज येतात, महिन्याला साधारण ५ डॉलर. बँकेच्या कोडबाबत याही नंबरांना तेच अडथळे आहेत, कारण जात तीच.

सिपचं खरं दुखणं म्हणजे फोन झोपला की नोंदणी सुटते. ॲप सर्व्हरला ठराविक वेळानं 'मी इथं आहे' सांगत राहतं. घरचा राउटर मधली वाट काही मिनिटांत बंद करतो, फोन ॲपला झोपवतो, आणि मेसेज सर्व्हरवर पडून राहतो किंवा हरवतो. उपाय दोनच. पुश नोटिफिकेशन देणारं ॲप घ्या, म्हणजे ॲप झोपलं तरी सर्व्हर त्याला उठवतो; किंवा मेसेज ईमेलवरही वळवा. जुन्या अँड्रॉइडमध्ये डायलरमध्येच सिपची सोय होती, २०१० च्या जिंजरब्रेड आवृत्तीपासून. अँड्रॉइड १२ पासून ती काढली आहे, तेव्हा जुन्या व्हिडिओत दाखवलेलं सेटिंग नव्या फोनमध्ये शोधत बसू नका.

मांजराकाठ, लातूर

अमेरिकेचं झालं. मोंढ्यातल्या लोकांचा प्रश्न वेगळा असतो. दुकानाचा वर्षानुवर्षांचा लँडलाइन नंबर आता फायबरवर आलाय, म्हणजे तो पण इंटरनेट नंबरच. पट्टीवर, पाटीवर, पोत्यावर तोच छापलेला. त्यावर मेसेज घेता येतात का?

एसएमएस नाही, व्हॉट्सॲप बिझनेस येतं. साधं व्हॉट्सॲप लँडलाइन घेत नाही, बिझनेसचं ॲप घेतं. नंबर टाकताना ९१ नंतर शून्य सोडून कोड: लातूर २३८२, नांदेड २४६२, परभणी २४५२, जालना २४८२, बीड २४४२, हिंगोली २४५६, धाराशिव २४७२ आणि पुढं सहा आकडे, संभाजीनगर २४० आणि पुढं सात. एकूण दहाच भरले पाहिजेत. शून्य लावलं की 'नंबर चुकीचा' येतो आणि लोक तिथूनच परततात.

ॲप आधी मेसेज पाठवल्याचं दाखवेल. तो येणार नाही. घड्याळ संपू द्या, मग 'कॉल करा' निवडा. लँडलाइनची रिंग वाजते, यंत्र सहा आकडे बोलतं. कागद-पेन हातात ठेवा. कॉल फॉरवर्ड आणि 'मालकासाठी एक दाबा' असली यंत्रणा तेवढा वेळ बंद करा, कारण बोलणारं यंत्र एक दाबू शकत नाही. दोन-तीनदा चुकलं तर थांबण्याची मुदत वाढत जाते, म्हणून गर्दी नसताना करा.

लाईट गेली की फायबरचा डबा बंद आणि लँडलाइन मुकी, त्यामुळं कोडचा कॉल येणारच नाही. जुन्या तांब्याच्या लाइनीला वीज एक्सचेंजमधून यायची, फायबरला घरची लागते. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून त्याच मापाचा छोटा डीसी यूपीएस लावा. भारनियमनाच्या भागात हा खर्च आधी करा.

कोड पडला की लगेच टू-स्टेप पिन लावा आणि त्यासोबत ईमेल द्या. हे टाळू नका. दुकानातला फोन कुणीही उचलतो. ज्याच्या हातात रिसीव्हर, त्याच्या हातात कोड. पिन नसेल तर पूर्ण खातं पाच मिनिटांत दुसऱ्याच्या मोबाईलवर जातं, आणि शेतकऱ्यांचे पैशाचे मेसेज त्यातच असतात.

दुधना, जालना

मांजराकाठ दादा, एक महत्त्वाचं राहिलं. दूरसंचार विभागानं २८ नोव्हेंबर २०२५ ला मेसेजिंग ॲपना निर्देश दिले आहेत: ॲप ज्या नंबरचं, त्याचं सिम फोनमध्ये सतत असलं पाहिजे, त्यासाठी तेव्हा ९० दिवसांची मुदत दिली होती, आणि संगणकावरचं सत्र दर सहा तासांनी बंद व्हावं. लँडलाइनला सिमच नसतं. म्हणून पूर्ण धंदा या एका नंबरवर टाकण्याआधी ॲपमध्ये येणाऱ्या सूचना वाचत राहा, आणि ग्राहकांना एक सिमवरचा नंबरही देऊन ठेवा.

लँडलाइन सोडायची असेल तर आधी ॲपमधलं 'नंबर बदला' वापरून खातं नव्या नंबरवर न्या. सोडलेला नंबर पुढं दुसऱ्याला मिळतो.

पूर्णाकाठ, परभणी

लँडलाइनवरून एसएमएस जात नाही म्हणून बाजारभाव सिमवरून मराठीत पाठवणाऱ्यांसाठी: एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची ७०. त्याहून मोठा झाला तर तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'नमस्कार' दिसायला चार अक्षरं, मोजायला सात. 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलं की १७ गेले. रोमन मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी पूर्ण मेसेज ७० च्या मापात जातो. रुपयाचं चिन्ह ₹ टाकलं तरी तेच होतं. रोमन मेसेजात ते चिन्ह टाळून रोमनमध्येच दोन अक्षरी संक्षेप लिहा, तुकडे टळतात. ज्या योजनेत दिवसाला १०० एसएमएस आहेत, तिथं हे तुकडेच मोजले जातात.

सिंदफणा, बीड

पुतण्याला यादी पाठवली. त्यानं विचारलंय, तिकडं असताना इथलं सिम कसं जिवंत ठेवायचं? आणि यूपीआयला अमेरिकेचा इंटरनेट नंबर चालेल का?

दुधना, जालना

यूपीआयला चालत नाही. नोंदणीच्या वेळी ॲप फोनमधल्या सिमवरून स्वतः एक मेसेज पाठवतं आणि त्यावरून सिम-फोनची जोडी बांधतं. व्हॉइसचा नंबर सिमवर नसल्यानं तो मेसेज निघतच नाही.

इथलं सिम प्रीपेड असेल तर ९० दिवस काहीच वापर नाही आणि खात्यात २० रुपयेही नाहीत, अशा वेळी ते बंद होऊ शकतं. शिल्लक ठेवा, घरच्यांना मुदत संपायच्या आत रिचार्ज करायला सांगा, आणि निघण्याआधी रोमिंग चालू करा. बँकेचा येणारा कोड रोमिंगवर साधारणपणे फुकट येतो. तिथं आलेला कॉल उचलला तर मात्र पैसे जातात.

आणि पुतण्याला हे नक्की सांगा. तिकडं जुनं फर्निचर विकायला जाहिरात टाकली की कुणीतरी म्हणतं, 'तू खरा आहेस का बघतो, सहा आकडी कोड आलाय तो सांग.' तो कोड गूगल व्हॉइसचा असतो. सांगितला की तुमच्या नंबरच्या जोरावर त्याचं व्हॉइस खातं उघडतं आणि पुढची फसवणूक त्या नंबरवरून होते. कोड दिला गेला असेल तर स्वतःच्या व्हॉइस खात्यात तोच मोबाईल नंबर जोडून परत घेता येतो. टेलिग्रामवर भाड्यानं मिळणारे अमेरिकी नंबर तर घेऊच नका. त्याच नंबरवर आधी कुणी काय केलं ते तुमच्या माथी येतं. इथं पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सिंदफणा, बीड

धन्यवाद भौ. त्यानं काल पोर्टला टाकला होता, 'माहिती जुळत नाही' असं येऊन अडकलाय. पैसे गेले का?

गोदाकाठ, नांदेड

घाबरू नका, हे नेहमीचं आहे. जुनी लाइन चालूच असते. बहुतेक वेळा झिप कोड चुकतो: माणूस घर बदलतो पण बिलावर जुनाच पत्ता राहतो. पत्ता कुठं राहतो त्याचा नाही, बिलावर आहे तोच टाकायचा. दुसरं कारण नाव. लाइन मित्राच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर त्यांचंच नाव लागतं. तिसरं, ट्रान्सफर पिनची मुदत संपलेली असते, नवीन काढा. प्रीपेड लाइन असेल तर खाते क्रमांक बिलावर नसतो, ग्राहक सेवेकडून मागावा लागतो. मोबाईल नंबरच खाते क्रमांक समजून टाकणारे बरेच आहेत. या चार गोष्टी दुरुस्त करून व्हॉइसच्या सेटिंगमधून तीच विनंती पुन्हा पाठवायची, नवीन सुरू करायची नाही. आणि पोर्ट पूर्ण झाल्याचा ईमेल येईपर्यंत जुनं सिम फोनमधून काढू नको म्हणावं.